एकोणतीस किलो

रबाळ्याच्या शेडमध्ये
चार चाकांखाली चार काटे,
आणि बेरीज कमी.
हर्षला आत बसलेली, हेल्मेट मांडीवर,
टाकीत पेट्रोल,
तरी एकोणतीस किलो कमी.

नियम गाडीला आणि चालकाला वेगळं मोजत नाही.
गेल्या साली शार्दूल चालवायचा.
रोज दोन प्लेट मिसळ, वर जादा पाव,
त्याच्या पोटाने हा प्रश्न कधी पडूच दिला नाही.
आता तो नाशकात विमा विकतो.
हर्षला त्रेपन्न किलो.
"जेवत जा गं," म्हणालो.
ती हसली नाही.

पहिल्यांदा सुचतं ते चुकीचं असतं.
पोरांनी जिममधल्या तबकड्या आणल्या,
म्हणाले, पट्ट्याने आवळू.
एकाने वाळूची गोणी आणली आणि प्लास्टिकचे टाय.
मी गोणी उचलून दाराबाहेर ठेवली.
कुत्रा येऊन तिच्यावर झोपला.
तेवढाच तिचा उपयोग.

म्हटलं, भिंत लागली की गाडी थांबते,
आतलं सामान थांबत नाही.
या एकोणतीस किलोंचं त्या क्षणी पाऊण टन होतं
आणि पाऊण टनाला
पुढे कोण बसलंय ते माहीत नसतं.

शिसं पाहिजे.
दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पाच पिशव्या,
तेवढ्या जागेत
शार्दूल वजा हर्षला
अख्खं मावतं.

तुर्भ्याला शकूरभाईंच्या भंगारात
चाकं बॅलन्स करायच्या तुकड्यांचा डबा निघाला.
जस्ताचे वेगळे काढले, नखाने ओरखडून.
उरले अकरा किलो.
मग हर्षला म्हणाली, घरी चला.

ऐरोलीच्या पलीकडे, खाडीकाठचं दिवा.
केण्यांच्या ओटीवर घडी घातलेलं जाळं,
काठाला ओळीने शिशाचे गोळे.
तिच्या वडिलांनी एकेक गाठ कापली.
खाडीत हल्ली जाळ्यात काय येतं
ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
"जल्मभर बुरवाचंच काम केलं यांनी," म्हणाले,
"आता जरा पलू द्या."
आणि ताजव्यात घालून वहीत लिहिलं,
एकोणीस किलो, पोरीच्या नावावर.

शेडच्या मागे, वारा पाठीवर घेऊन,
तोंडाला मास्क, पाण्याचा थेंब आसपास नाही,
शिसं वितळलं.
वर करडी साय आली, ती झाऱ्याने काढली.
किलोभर मळी.
खाली आरसा,
त्यात शेडचा पत्रा, पत्र्यावरचा कावळा.
पाच साचे भरले.

बसवायचं शेजारच्या सीटच्या जागी,
अगदी तळाशी, डाव्या अंगाला,
कारण ती उजवीकडे बसते.
शिसं मऊ. बोल्टखाली दबतं आणि मग ढिलं पडतं.
म्हणून वर पोलादी पट्टी
आणि तळाच्या पत्र्याखाली दुसरी, तळहाताहून रुंद,
नाहीतर बोल्ट पत्रा फाडून निघून जाईल
आणि आपण म्हणू, बोल्ट तर तुटला नव्हता.
दहा मिलिमीटरचे चार, आरपार.
लॉक नट. पाना कट् म्हणेपर्यंत.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावला,
रात्रीत शिसं बसलं होतं,
पाव फेरा मिळाला.
मग प्रत्येक नटावर पिवळी रेघ.
नट फिरला तर रेघ मोडते.

कोइमतूरला तपासनीस वाकून आत शिरले,
दोन्ही हातांनी पट्टी धरून हिसकली.
गाडी हलली. शिसं नाही.
वायर ओवली, सील दाबलं,
काट्यावर आकडा नियमाच्या वर, चारशे ग्रॅम.
मी ते चारशे ग्रॅम दिवसभर
शर्टाच्या खिशात असल्यासारखे वागवले.

हर्षला अकरावी आली.
दुसऱ्या फेरीत वळण सुटलं,
खडीत गेली, दोनदा उसळली,
धुरळ्यातून परत बाहेर.

रात्री तिच्या वडिलांचा फोन.
नंबर विचारला नाही.
"शिसं हाललं का?"
"नाय."
"मंग जेवून घे."