टाचण्या

सँ-लुईत, नदीकाठच्या गल्लीत,
बिराम चूबच्या दुकानात मी सात वर्षं काजं केली
आणि सात वर्षं तोंडाने श्वास घेतला.

उस्ताद कॉलरचं माप घ्यायला वाकला
की गिऱ्हाइकाची मान हळूच खिडकीकडे वळायची,
जणू नदीतून कुणी हाक मारलीये.
म्हणून त्या वर्षांतल्या आमच्या सगळ्या कॉलरी
डावीकडे अर्धा बोट ढिल्या.

त्याच्या तोंडावर बोलायला तोंड होतं कुणाला?
मी त्याच्याच परातीत जेवायचो.
मुरवलेल्या माशाचा चांगला तुकडा
तो बोटांनी माझ्या बाजूला सरकवायचा.
अशा माणसाला काय सांगणार, आणि कुठल्या बाजूने?

बकरीद आठवड्यावर आली की रात्री उरत नाहीत.
दिव्याभोवती किडे, अंगावर लेसचा भुगा,
कोळशावर चहा तीनदा उकळतो,
पहिला कडू, तिसरा म्हणजे नुसती साखर.
गालात कोलाचं बी.
पाणी कुणी पीत नाही, उठावं लागेल म्हणून.
पहाटे उस्ताद काही सांगायला वळला
की मी खाली पडलेली कात्री शोधायचो.
कात्री माझ्या हातातच असायची.

तशाच एका पहाटे कोदू, त्याची नात,
झोपेतून उठून त्याच्या मांडीवर चढली,
आणि नाक चिमटीत धरून म्हणाली,
"आजोबा, तुमच्या तोंडात मासळीबाजार उठलाय."

मशीन थांबलं.
त्याच्या ओठांत चार टाचण्या होत्या.
एकेक काढून त्याने उशीत खोचली.
मग मला विचारलं, "किती वर्षं?"
मी कापडाकडे बघत म्हटलं,
"कॉलरी बघा, उस्ताद."

दाताच्या दवाखान्यात सोखना ग्ये होती.
तिच्या लग्नाचा झगा त्यानेच शिवलेला.
तिने छोटा आरसा आत घातला, बराच वेळ बघितलं.
कुणाची नजर नाही लागलेली, म्हणाली,
जिभेवर थर आहे,
हिरड्या सुजल्यात,
आणि फटींतून परवाचं जेवण बसलंय.
रोज दोरा फिरवा.

दोरा!
तो इतका हसला की खुर्ची मागे गेली.
चाळीस वर्षं दोरा ओवतोय मी, पोरी,
मेणावरून ओढतोय, अख्ख्या गावाच्या फटी शिवतोय.
तो नव्हे, ती म्हणाली, हा घ्या.
याने शिवायचं नाही. उसवायचं.

पहिल्या रात्री दोरा गुलाबी निघाला.
त्याने तो दिव्यापाशी धरला,
नवं कापड भिजवून बघतात तसा.
"रंग जातोय," म्हणाला.
दुसऱ्या रात्रीही गेला. पाचव्याही.
नवव्या रात्री दोरा पांढरा आला,
आणि त्याने मला झोपेतून उठवून तो दाखवला.

आता मशीनवर चादर पडली की तो अंगणात बसतो.
ब्रश शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत नेतो,
तिथे कोपरा असतो, म्हणतो, कोपऱ्यातच शिलाई फसते.
जीभ मागून पुढे खरवडतो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
सोचूची काडी पूर्वीही होती त्याच्या तोंडात,
पण नुसती होती, दारात बसलेल्या पाहुण्यासारखी.
आता ती काम करते.
मशीनखाली मडकं आहे. दर पाटलोणीमागे एक घोट.

परवा बाही कापताना तो माझ्या कानाशी वाकला.
"कापड जरा तिरकं धर.
हात वर केला की खांद्याने श्वास घ्यायला हवा."
मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत?
"पहिल्या महिन्यात सांगितलं," तो म्हणाला.
"नंतरही. दरवर्षी."

मी श्वास रोखून होतो तेव्हा.
श्वास रोखला की कानही मिटतात, हे मला माहीत नव्हतं.

काल रात्री, सगळे झोपल्यावर,
मी तोंडापुढे तळहात धरून फुंकर मारली.
काहीच कळलं नाही. स्वतःचं कळत नसतं.
सकाळी कोदूला हाक मारली.