अठरा इंचांवर एक पट्टा

मी पाट्या रंगवणारा.
वीस वर्षं द्राक्षांच्या खोक्यांवर घड काढले,
मग खोकी छापून यायला लागली.
नंबरप्लेटा होत्या, त्याही मशीनवर गेल्या.
उरलं ते शाळांच्या भिंतींवरचं 'पाणी वाचवा'.

अश्लेषा पगार आली तेव्हा मी
रविवार कारंजावर बसलो होतो, ब्रश रॉकेलात.
म्हणाली, नाच बसवतेय, जमीन रंगवून हवीय.
म्हटलं, स्टेज कुठंय?
म्हणाली, दवाखान्यात, दुसरा मजला,
दर मंगळवारी कंपवातवाले येतात तिथं.

पट्टेच हवे होते फक्त. पांढरे, आडवे.
डॉक्टर खैरनार टेप घेऊन उभे,
ते म्हणत वीस इंच, ती म्हणे सतरा,
शेवटी रंगनाथ तांबटांना चालवून बघितलं
आणि त्यांच्या पायानं अठरा ठरवले.

रंगनाथ दारापाशी आले की खिळायचे.
मन पलीकडे पोचलेलं, पाय अलीकडे.
सपाट जमीन काही केल्या ओलांडता येईना;
तिच्यावर पट्टा काढला, तर ओलांडला.
उभ्या आयुष्यात मी रंगाला
एवढं काम करताना पाहिलं नव्हतं.

ठेक्याचं मात्र जमेना.
अश्लेषानं तबला लावून पाहिला, बासरी लावली.
यमुनाबाई गांगुर्डे म्हणाल्या, झोप येते बाई.
मग एका मंगळवारी रंगनाथांचा भाचा
आळीतून अर्धा ठोकलेला हंडा घेऊन आला,
जिन्याशी बसून ठोकत राहिला.
ठण्. ठण् ठण्. ठण्.
म्हातारा उठला. उठा असं कुणी म्हटलं नव्हतं.
चाळीस वर्षं ज्या ठोक्यावर हात चालला
त्याच्यावर आता पाय निघाले.
नर्सबाई औषधाचा ट्रे धरून तशाच उभ्या.

हात थरथरतो तो लपवायचा नाही, हा अश्लेषाचा नियम.
यमुनाबाईंनी विरळणी करून दाखवली,
हवेतल्या घडाचे हवेतले मणी,
कात्री नाही, बोटं नुसती लवलवत,
आणि अकरा जणांनी ती त्यांच्याकडून उचलली.
बँडवाल्या शकूरभाईंनी गाल फुगवले.
त्या रात्री घरी मी रद्दी पेपरावर
थरथरती रेघ काढून बघितली.
हात इतका सरावलेला,
नीट जमली नाही.

महिन्यानं रंगनाथ म्हणाले,
इथं चालतो रे मी. घरी काय करू?
गेलो तांबट आळीत, उरलेला डबा घेऊन.
न्हाणीच्या दाराशी तीन, उंबऱ्याशी दोन,
मग ओट्यापासून पार चहाच्या टपरीपर्यंत.
मनपाच्या माणसानं स्कूटर थांबवली.
कसली खूण ही? परवानगी?
म्हटलं, नाचाची.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.
काय, ते मला अजून ठाऊक नाही.

पैसे या कामाचे कुणी देत नाही,
तरी दोन-अडीच महिन्यांनी मी चक्कर मारतो.
कुठं किती झिजलंय त्यावरून कळतं
म्हातारा कुठवर येतो.
चौथ्या पट्ट्याच्या अलीकडे फरशी घासून गुळगुळीत,
तिथं ते अजून अडतात,
चप्पल जागच्या जागी खरडत राहते.

परवा तिथंच उकिडवा बसलो होतो,
तर समोरून एक पोरगी, पाठीवर दप्तर,
पट्ट्यांवरून लंगडी घालत आली.
एक, दोन, तीन,
आणि चौथ्याच्या आधी थांबली.
एक पाय वर, मान खाली, थोडी डुगडुगत.

म्हटलं, अगं, जा की पुढं.
म्हणाली, नाही, इथं थांबायचं असतं.

आत कुणीतरी हंड्यावर ठोका दिला,
तेव्हा गेली.