दोन ळ

पडाव ठाण्यात म्हणाले, पुलावरची केस, धौलपूरला विचारा.
धौलपूरला म्हणाले, अर्ध्या पुलावर धरला ना,
नदी ओलांडलीच नव्हती त्यानं, म्हणजे मुरैना.
मुरैनाच्या मुन्शीनं चहा दिला,
एका बोटानं टेबलावर चंबळ काढली
आणि सहासष्ट सालचे कागद
वाळवीनं नेले की पुरानं, ते आठवत बसला.
"इथं तीन राज्यांच्या हद्दी, ताई. माणूस एक.
असा नाही सापडत."

शेवटी घरचंच ग्वाल्हेर. बहोडापूरचा तुरुंग.
दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज दोन प्रतींत.
नातं: मुलगी.
कारण:
हा रकाना मी रिकामा सोडला.
नोंद सार्वजनिक आहे, असं कायदा म्हणतो.
कपाटाची किल्ली तोमरबाबूंच्या खिशात
आणि तोमरबाबू भाचीच्या लग्नाला भिंडला.

आम्हाला सांगितलेलं असं, की दादा
दगडाच्या खाणीवर हिशेब लिहायला गेलेत.
आई त्यांची पोस्टकार्डं वाचून दाखवायची.
एकदा मला 'श्री'चा वेलांटा ओळखू आला.
तिचाच.
मी सहा वर्षांची होते. मी विचारलं,
"पुढे काय लिहिलंय?"

नऊ महिन्यांनी परतले तेव्हा त्यांना दरी विणता येत होती.
खाणीवर दरी कोण विणतं, असं कुणी म्हटलं नाही.
घरातल्या प्रत्येक फाटक्या गोष्टीला त्यांनी गाठ मारली:
बाजेची नवार, पायपुसणं, माझ्या दप्तराचा पट्टा.
दाल बाजारातून शेठजी दर दिवाळीला तुपाचा डबा पाठवत.
आईनं ते तूप एकदाही पोळीवर वाढलं नाही.
समईत जाळलं.
सगळ्या गल्लीला वाटायचं, दक्षिणी लोक फार धार्मिक.

मंगळवारी तोमरबाबू आले, हातावर मेंदीचा डाग.
"वाळिंबे? ऐसा कोई नहीं."
म्हटलं, ल लावून बघा.
बोट उतरत गेलं, थुंकी लावून पान, पुन्हा बोट.
गोपाल वल्द हरी वालिंबे. जात दक्षिणी. पेशा मुनीम.
चण्याची बारा पोती, विनापरवाना, हद्दीबाहेर.
मालाचा मालक: स्वतः.
सहआरोपी: निरंक.
काम: दरीखाना.
ओळखीची खूण: उजव्या कानामागे तीळ.

त्या कानात मी शेवटची अकरा वर्षं ओरडून बोलले,
भाजीत मीठ आहे का, दिवा मालवू का.
तीळ सरकारनं पाहिला होता.

मग जमा सामान.
छत्री एक. तपकिरीची डबी एक.
रुपये तीन, पैसे साठ.
दोन ळ दारावर कुणी काढून घेतले,
त्याची पावती नव्हती.

सामान परत मिळाल्याच्या रकान्यात सगळे अंगठे,
निळे, पसरलेले,
आणि मध्येच एक सही. बाळबोध, ठसठशीत,
खतावणीत लिहितात तशी रेघ धरून:
गोपाळ हरी वाळिंबे.
तोमरबाबूंनी चष्मा वर केला.
"ये दो गाँठें काहे की हैं?"
मी जीभ मागे वळवून म्हणून दाखवलं.
त्यांनी मनापासून प्रयत्न केला. ल आला.
पुन्हा ल.
हसले, पानाला दोन रुपये घेतले, शिक्का मारला.

"हे तरी भरा," अर्ज पुढे सरकवत म्हणाले,
"'वैयक्तिक' लिहा, सगळे तेच लिहितात."
मी तेच लिहिलं.

भिंतीपलीकडे कुणीतरी मागावर बसलं होतं.
पंज्यानं सूत ठोकल्याचा आवाज येत होता,
ठक, ठक,
मग थोडं थांबून, जसं कुणी मोजतंय,
ठक.