फेरफार

पुण्याला समुद्र नाही.
म्हणून प्रभुदेसाई बाई तो बरणीतून आणायच्या,
हर्णैहून, वरंध घाटातून, एसटीच्या मागच्या सीटवर,
मांडीवर बरणी, बरणीच्या तोंडाला फडकं.
कंडक्टरने विचारलं तर सांगायच्या, लोणचं आहे.

विभागाच्या तळमजल्यावर दोन कपाटं.
डावीकडे खारे:
नेरिस, नळीत घर करणारे, डोक्यावर पिसारा उघडणारे,
वळ्यावळ्याला परापाद,
परापादाला दृढरोमांचे झुपके.
उजवीकडे गांडूळ आणि जळू.
मधे भिंत. भिंतीवर मागच्या सालचं कॅलेंडर.

माळ्यावर एकटी एक बरणी.
आतला प्राणी गुळगुळीत, एकही वळं नाही,
उकडून सोललेल्या रताळ्यासारखा.
लेबलावर बाईंची निळी शाई:
इकियुरा. स्थान अनिश्चित.

बाईंना जाऊन अकरा वर्षं झाली.
मेट्रो गेली की बरण्या अजून एकमेकींना टेकतात,
अगदी हलकं किणकिणतात,
आणि मी, अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची,
नवा वंशवृक्ष टेबलावर पसरून बसते.

वृक्षात भिंत नाही.
गांडूळ खाऱ्यांच्याच एका फांदीवर,
जळू त्याच्या शेजारी.
म्हणजे बहुरोमी असा वर्ग नव्हताच कधी,
घर सोडून गेलेल्यांना वगळून
मागे राहिलेल्यांची केलेली ती यादी होती.

थोपटे झाडू भिंतीला टेकवून
कागद उलट्या बाजूने वाचतात.
‘वंशावळ का, मॅडम? कुणाची?’
यांची, मी बरण्यांकडे बोट दाखवते.
‘आमची पण हाय अशी एक. तलाठ्याकडं.
निम्मी जमीन धरणात गेली, निम्मीवर भावकी.
हौसाक्कानं हक्कसोड लिहून दिलं व्हतं,
एका साडीवर.
औंदा मी तिचं नाव परत लावायला घातलंय.
फेरफार टाकलाय. नोटिसा निघाल्यात.
चुलते बोलत न्हाईत.’

मी माळ्यावरची बरणी काढायला लावते.
याच्या अंगावर वळं नाही, मी म्हणते,
पण याचं पिल्लू पोहत असतं तेव्हा
त्याच्या मज्जारज्जूत गाठी दिसतात,
एकामागे एक, मोजता येतील अशा.
मोठं होताना विरून जातात.
हा त्यांच्यातलाच.

थोपटे बरणी उजेडाला धरतात.
बराच वेळ.
‘म्हंजी यानंबी सही केली,’ म्हणतात.
इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने
उत्तरपत्रिकेत असं लिहिलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत उजवं कपाट रिकामं.
डावीकडे दाटी झाली, दार लागेना,
सुतळीने बांधलं.
नोंदवहीत सापडले दोन जुने शब्द,
भटके, बैठे,
बाईंनी लाल पेन्सिलीने आडवे कापलेले,
समासात शेरा: केवळ सोयीपुरते.
डीएनएने तेच शब्द परत आणलेत,
गांडूळ आता बैठ्यांत.
मी त्यांची रेघ खोडली नाही.
शब्दांखाली फक्त टिंबं दिली,
मुद्रितशोधक देतात तशी:
असू द्या.

घरी जाताना लकडी पुलाखाली उतरले.
मुठेत पाणी कमी, वास जास्त.
काठच्या काळ्या गाळात
लाल दोऱ्यांचा एक चटका हलत होता,
डोकी खाली, शेपट्या वर,
आपल्या रक्तासारखंच रक्त,
जिथे श्वास घ्यायला काही नाही तिथे श्वास घेत.
बाई आयुष्यभर बरणी मांडीवर घेऊन
वरंध घाट चढत राहिल्या
आणि हे इथे होते.

पाय वाजला तसे सगळे एकदम आत गेले.
मी थांबले. ते परत येईनात.
पुलावर कुणीतरी विचारलं, काही पडलं का तुमचं?