बॅटरी

लोटन, तुझ्या पंचनाम्यात माझी बॅटरी आहे.
अनुक्रमांक चार : पिवळी, प्लास्टिकची, चालू स्थितीत.
म्हसावदच्या ठाण्यात सही करून परत घेतली.
हवालदार म्हणाला, तुमचीच कशावरून?
सांगितलं, झाकण ढिलं आहे,
आत बसच्या तिकिटाची घडी असेल.
होती.

तोरणमाळचं तिकीट, दोघांचं मिळून एक.
तुझ्याकडे सुटे नव्हते. कधीच नसायचे.

सीताखाईच्या कडेला तू म्हणालास,
"मी पुढे जास, तू ये मांगून."
मी बुटाची नाडी बांधत होतो.
इतकंच.
लोक विचारतात तेव्हा
धुकं, शेवाळ, निसटता दगड, असं काही सांगतो.
खरं तर मी नाडी बांधत होतो.

पाड्यावरच्या पोरांनी तुला घोंगडीच्या झोळीत वर आणलं.
त्यातला एक, तेरा-चौदाचा, सारखा
तुझा लोंबता हात उचलून आत ठेवत होता,
झोपलेल्याचा ठेवावा तसा.

शहाद्यात आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो,
पपईच्या वावरांपल्याड.
मुलगा म्हणतो, पप्पा, सेल बदला, उजेड मंद झालाय.
बदलीन.
काल लाईट गेली तेव्हा लावली
तर भिंतीवर पडला
कळण्याच्या भाकरीच्या चतकोराएवढा उजेड.
मोडायचास तू. मोठा तुकडा
न बघता माझ्याकडे सरकवायचास.

हल्ली नाडी सुटली की मी
वाकायच्या आधी
समोर कोण आहे ते बघून घेतो.