सत्ताविसावी खेळी

खडकीच्या कामगार क्लबाला पंचाहत्तर वर्षं होतायत.
स्मरणिकेत लोणकर-खांबेटे डाव हवाच, म्हणाले,
टिपणं तुम्हीच लिहा, तुम्ही होतात तिथे.

होतो.
एकाहत्तर साल, मी बारा वर्षांचा, स्टुलावर उभा,
भिंतीवरच्या मोठ्या पटाला पत्र्याची मोहरी अडकवायला.
दिवसाचा एक रुपया, आणि भजी.

नोंदीची कार्बन प्रत समोर आहे, निळी, घामाने पसरलेली.
सोपान लोणकर, टर्नर, दारूगोळा कारखाना.
अक्षर असं, की एक सूत इकडे-तिकडे नाही.

नातीच्या फोनमध्ये डाव भरला.
पन्नास वर्षांच्या कट्ट्यावरच्या चर्चा
यंत्राने अडीच सेकंदांत मिटवल्या.
एकोणिसावी: खांबेट्यांनी उंट मागे घेतला, गरज नव्हती.
तेविसावी: लोणकरांचा हत्ती उघड्या पट्टीत उशिरा आला.
हे चालायचंच. हाताने खेळलेल्या डावात
एवढा कीस निघतोच.

सव्विसावी: घोडा राजाच्या पट्टीत, सातव्या घरात. शह.
काळा राजा कोपऱ्यात.
आणि आता, यंत्र म्हणतं,
वजीर द्या. कडेचं प्यादं मारून सरळ देऊन टाका.
राजाला घ्यावाच लागेल, दुसरं घर नाही.
मग हत्ती कडेच्या पट्टीत, आणि संपलं,
पळवाटा घोड्याने आधीच अडवलेल्या.

लोणकरांनी अकरा मिनिटं विचार केला
आणि वजिराला वजीर मारला.
छप्पन्नाव्या खेळीला हात पुढे केला.

का?
रात्रपाळी करून आला होता बिचारा, एक मत.
खांबेटे वकील, नुसत्या चष्म्याने माणूस दबतो, दुसरं.
तेव्हाच भोंगा झाला, तिसरं. भोंगा झाला नव्हता.
खुद्द लोणकर पुढे कधीतरी खडकी बाजारात भेटले,
हातात मेथीची जुडी. मी विचारलंही नव्हतं.
म्हणाले, "समोर होतं रे. समोर होतं, आणि दिसलं नाही."

मी मेथीकडे बघत राहिलो.

कारण त्या अकरा मिनिटांत एकदा
त्यांनी मान मोडली, पाठ ताणली,
आणि वर बघितलं. भिंतीकडे.
खेळाडू बघतात असं. टेबलावरचा पट
डोळ्यांत रुतायला लागला की लांबचा बरा वाटतो.
भिंतीवर माझा घोडा
एक खिळा डावीकडे होता.
राजाच्या पट्टीऐवजी वजिराच्या पट्टीत.
तिथून शहच लागत नाही.
तिथून वजीर दिला तर नुसता दिला,
राजा आरामात निसटतो.

पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं.
अठ्ठाविसाव्या खेळीच्या गडबडीत मी घोडा हलवला,
जागच्या जागी असल्यासारखा.
रुपया घेतला. भजीही खाल्ली.

आता हेही खरं, की ते भिंतीकडेच बघत होते
हे मला कसं कळणार? भिंतीवर घड्याळ होतं,
कॅलेंडर होतं, पाल होती एक.
आणि खरा घोडा त्यांच्या हातापासून वीतभर लांब
योग्य घरात उभा होता अख्खा वेळ.
हा युक्तिवाद मी स्वतःपुढे इतक्यांदा केलाय
की खांबेट्यांनी मला सहज ज्युनिअर म्हणून ठेवलं असतं.

लोणकर नव्याण्णवला गेले.
यंत्राला भिंत दाखवायची सोय नाही.
ते सत्ताविसाव्या खेळीपुढे
दोन लाल प्रश्नचिन्हं टाकतं, लोणकरांच्या नावावर,
आणि पुढच्या खेळीकडे जातं.

मजकूर उद्या चारच्या आत नारायण पेठेत, छापखान्यात.
मी लिहिलंय:
"२७. वजीर मारतो वजीर. इथे पांढऱ्याने विजय दवडला."
पेन्सिलीने एक चिन्ह खोडलं, एक ठेवलं.
खाली, बारीक अक्षरात:
"या वेळी भिंतीवरील पटावर घोडा चुकीच्या खिळ्याला होता."

नाव घालायचं राहिलंय.
मुद्रितशोधक परांजपे फोन करून विचारणार,
अहो, ही तळटीप कशाला, जागा नाहीये.