उशाकडे दोन विटा

घशात फवारा मारताना ग्लेनिस म्हणाली,
केळ्याची चव आहे हं, पण नावालाच.
नावालाच होती.
नासलेल्या शिकरणासारखं काहीतरी जिभेवरून उतरलं
आणि जीभ माझी राहिली नाही.

डाव्या कुशीवर वळले. नळी आत गेली.
पडद्यावर ओलं, गुलाबी, घड्याघड्यांचं.
कुणीतरी माझ्याच घरात दिवा घेऊन हिंडत होतं
आणि मलाच सांगत होतं,
गिळा. अजून एकदा गिळा.

सांगायला कशाला हवं?
बावीस वर्षं स्वान्सीत फोन घेते मी.
लायसन्स उशिरा आलं की लोक आईबाप काढतात,
मी म्हणते, समजू शकते, सर.

व्रण नाही, डॉक्टर म्हणाले, जंतूही नाहीत.
झडप सैल झालीय. खालचं वर येतं.
मला आमचं मागचं दार आठवलं,
दमट हवेनं फुगलेलं,
कितीही ढकला, बोटभर फट राहतेच.

घरी येऊन हातातलं पत्रक वाचलं.
चहा नको. टोमॅटो, कांदा, पुदिना, तळलेलं,
रात्री आठनंतर काहीच नको.
खोडत खोडत पानावर मऊ भात उरला,
आणि मेतकूट,
ज्याचं नाव त्या यादीला ठाऊकच नव्हतं.

वर्षभर पहाटे तीनला मी स्वयंपाकघरात बसायचे,
पांढऱ्या औषधाची बाटली, चमचा,
खिडकीत समुद्र मैलभर मागे गेलेला.
हेरंब घोरत असायचा.
कधी विचारलं नाही. मीही नाही सांगितलं.

त्या शनिवारी मात्र भर पावसात
शेजारच्या प्रिचर्डकडून दोन विटा आणल्या त्यानं,
नळाखाली भांडी घासावीत तशा घासल्या,
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सरकवल्या,
पाणसळ लावून पाहिली. वाकडं हवं होतं,
तरी नीट वाकडं हवं होतं त्याला.

रात्रभर आम्ही घसरत राहिलो.
पहाटे दोघं पायथ्याशी,
चादरीचं बोचकं, चार पावलं बाहेर लोंबकळत,
छपरावर सीगल भांडतायत.

वर आलं का काही? त्यानं विचारलं.
नाही म्हटलं.
मग म्हटलं, हो, एक सांगायचं होतं.
तो कोपरावर रेलून उठला,
उठताना आणखी थोडा घसरला.